उभी गाडी, चालू इंजिन

तिसगावात कुणाला कोंडीराम भिंगारदिव्यांना छळायचं असलं, तर उपाय अगदी सोपा होता. त्यांच्या ओट्यासमोर मोटरसायकल उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि निवांत बिडी पेटवायची. बिडीचा पहिला झुरका पोटात जायच्या आत कोंडीराम हातातला चहा टाकून बाहेर.

"कुनाची वाट बघतो रं?"

"कुणाची न्हाई, मामा."

"मग बंद कर की. तेल काय नळाला येतं?"

सगळी हयात एसटीत ड्रायव्हर म्हणून गेलेली. डिझेल वाचवण्यात डेपोत पहिला नंबर, त्याचा पितळी बिल्ला भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीच्या जरा खाली. रिटायर झाल्यावर वाचवायला डिझेल उरलं नाही, तेव्हा त्यांनी घर धरलं. चहा उतरला की स्टोव्ह बंद, माणूस उठलं की पंखा बंद, रेडिओवर बातम्या संपल्या आणि गाणं लागलं की रेडिओ बंद. भागिरथीबाई, म्हणजे त्यांच्या कारभारीण, म्हणायच्या, "रात्री मी घोरती तेच बरंय. गप पडले तर हे मानूस मलापन बंद करंल."

आणि अशा घरात शुभांगी सून म्हणून आली, आणि तिनं कॉम्प्युटरचा क्लास काढला. आता बोला.

क्लास होता रस्त्याकडच्या खोलीत. चार मशीन, चार खुर्च्या, आणि दारावर शुभांगीनं स्वतः रंगवलेली पाटी. नवरा तुषार चाकणच्या कारखान्यात, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. क्लास सुरू झाला तेव्हा गावातली पोरं बघायला आली, बघून गेली. शिकायला टिकल्या त्या मोजक्या पोरी. गोष्ट नव्व्याण्णव सालची. पाथर्डीत एका क्लासवाल्यानं पाटीवर मोठ्या अक्षरात 'इंटरनेट' लिहिलं होतं, आणि ते काय असतं हे कुणालाच नीट ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांना तेच पाहिजे होतं. तिसगावची पोरं जीपला लोंबकळून पाथर्डीला जायची आणि जाताना शुभांगीच्या पाटीकडं बघून हात हलवायची. तिचा जीव जळायचा.

त्यातच आबासाहेब. हे शेजारी, पिठाच्या गिरणीचे मालक. रस्ता रुंद करताना त्यांची जुनी गिरणी गेली आणि चक्की ताडपत्रीखाली अंगणात पडून राहिली. तेव्हापासून त्यांचा डोळा या खोलीवर. रोज सकाळी ते कोंडीरामांकडं चहाला यायचे, बशीतला चहा फुंकत दाराची रुंदी नजरेनं मोजायचे आणि म्हणायचे, "चक्की आरामात जाईल हो."

शुभांगीला ठाऊक होतं, सासऱ्यांचं मन गिरणीकडं झुकलंय. तिची समजूत अशी, की क्लास त्यांना मुळात आवडतच नाही. क्लासच्या पोरी यायच्या, खाली मान घालून खटाखट बोटं चालवायच्या आणि खाली मान घालून जायच्या. कोंडीराम ओट्यावर बसून त्यांना "काय गं, कुनाची तू?" विचारायचे, तर त्या "येते हं आजोबा" म्हणून सटकायच्या.

शेवटी एकदा पितृपक्षात, आबासाहेबांसमोरच, कोंडीरामांनी निकाल दिला. "शुभांगी, दसऱ्यापतूर टाइम. आपला फोन एक हाय. त्या एका फोनावर चारी मशिनीत एकदम इंटरनेट दाखव. दाखवलंस तर खोली तुझी, पुन्हा विषय न्हाई. न्हाई दाखवलंस तर दसऱ्याला गिरनी."

"दाखवते मामा," शुभांगी म्हणाली. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची.

बोलून तर बसली. मग आत जाऊन पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा केला.

फोनची तार एका वेळी एकाच मशीनला लागते. ती चौघांत वाटून द्यायची तर मधे एक वेगळं यंत्र लागतं, राउटर. ते पुण्यामुंबईच्या कंपन्या विकत घेतात. तिसगावच्या सुनेनं त्याचं नाव घ्यावं हेच पुष्कळ झालं. पण तुषारनं एकदा कॉम्प्युटरचं एक मासिक आणलं होतं, त्यासोबत फुकट सीडी होती, आणि त्या सीडीत शुभांगीला एक गंमत सापडली होती. जगात कुठंकुठं बसलेल्या लोकांनी मिळून असं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, की कुठलाही जुनापुराणा कॉम्प्युटर घ्यावा, त्यात त्या सॉफ्टवेअरची एक फ्लॉपी घालावी, की झाला तो राउटर. वर सगळा मूळ कोडही देऊन टाकलेला, म्हणजे लाडू तर दिलाच, पण कसा वळला तेही सांगितलेलं. हवं तर आपल्या घरच्या सामानात आपण वळावा.

आबासाहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "फुकट? मग बुरसटलेला असणार."

तुषारच्या कारखान्यातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर आला. त्याची हार्ड डिस्क कधीच वारली होती, पडदा नव्हता, झाकणाचा एक स्क्रू नव्हता. शुभांगीनं तो खोलीच्या कोपऱ्यात पाटावर ठेवला. कोंडीरामांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि त्याचं नाव ठोकळा ठेवलं.

सीडीतली तयार फ्लॉपी ठोकळ्यात चालली, पण त्याचं नेटवर्कचं कार्ड फ्लॉपीला ओळखू येईना. म्हणजे आता मूळ कोडावरून नवा गाभा, त्या सॉफ्टवेअरचं इंजिनच म्हणा, बांधणं आलं. शुभांगी दुपारी जेवणं उरकली की क्लासच्या चांगल्या मशीनवर ही बांधणी, म्हणजे बिल्ड, लावायची. पडद्यावर ओळीमागून ओळी पळत सुटायच्या आणि ती शेजारी लसूण सोलत बसायची. कुकर लावल्यासारखंच काम ते, लावायचं आणि वाट बघायची. फक्त शिट्टी व्हायच्या आत लाईट जायची. पुन्हा लावायचं, पुन्हा लाईट जायची. एकदा तर अगदी शेवटाला आलं असताना गेली, तेव्हा शुभांगीनं तिसगावच्या सगळ्या खांबांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, की त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोंडीराम कुठूनसा ट्रकची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन आले. "मदत म्हनून न्हाई," ते म्हणाले. "घरात पडून ऱ्हाईल, म्हनून." मग जेवताना पुन्हा म्हणाले, मदत म्हनून न्हाई. भागिरथीबाई म्हणाल्या, "कळलं हो."

बॅटरी चार मशीन ओढण्याइतकी नव्हती, ठोकळा आणि त्याच्यासाठी फोन लावणारा मोडेम मात्र तिच्यावर सुखानं चालायचे. शुभांगीनं भल्या सकाळी, लाईटीचा भरवसा असताना, बिल्ड पूर्ण केला. तर तो फ्लॉपीत मावेना. मग एकेक वस्तू बाहेर काढणं आलं. आवाजाचं काढलं, प्रिंटरचं काढलं, माऊसचं काढलं.

"काय करती?" मागून कोंडीरामांनी विचारलं.

"गाडी भरलीये मामा. ज्यांचं काम नाही त्यांना उतरवतेय."

"टपावर बसव की."

"हिला टप नाही."

कोंडीरामांनी खेदानं मान हलवली. बिनटपाची गाडी ती कसली गाडी.

अखेर मावलं. ठोकळा कुरकुरला, जागा झाला, कार्ड ओळखलं. राहिली फोनची लाईन. भिंगारदिव्यांच्या घराची तार शेजारच्या लिंबाच्या फांद्यांतून आलेली. वारं सुटलं की फोनवर माणूस बोलतोय की भजी तळली जातायत ते कळायचं नाही. मोडेमनं घाईनं नंबर फिरवला की लाईन बावचळायची. शुभांगीनं शेजारच्या मशीनवरून चालत्या ठोकळ्यातच एकेक गोष्ट बदलत नेली. फोन उचलल्यावर किती थांबायचं, नंबर किती सावकाश फिरवायचा, समोरून दाद आली नाही तर कितीदा पुन्हा लावायचं. नवरात्रात एका संध्याकाळी मोडेमनं टिक्‌टिक् नंबर फिरवला, खरखर झाली, आणि चारी पडद्यांवर एकदम इंटरनेट आलं. बघायला फक्त भागिरथीबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आलं का? बरं झालं. आता जेव."

आणि इथंच शुभांगीनं माती खाल्ली.

त्या फ्लॉपीवरच्या राउटरची रीतच अशी, की सुरू होताना तो फ्लॉपी वाचून सगळं डोक्यात घेतो आणि मग डोक्यानंच चालतो. चालता चालता आपण जे शिकवू ते त्याच्या ध्यानात असतं, पण ते पुन्हा फ्लॉपीवर उतरवून ठेवावं लागतं. न उतरवता बंद केलं, की विसरला. शुभांगीला हे पक्कं ठाऊक होतं. पण फ्लॉपी जुनी, वाचतानाच कण्हायची; तिच्यावर लिहायला गेलं आणि तिनं मान टाकली तर? नव्या फ्लॉप्या पाथर्डीशिवाय मिळायच्या नाहीत. मग तिनं ठरवलं, तोवर ठोकळा चालूच ठेवायचा. लाईट गेली तर बॅटरी आहेच.

खंडेनवमीला ती फ्लॉप्या आणायला निघाली. निघताना सासूला बजावलं, "आत्या, ठोकळ्याला कुणी हात लावायचा नाही." सासऱ्यांना मात्र सांगितलं नाही. ते ओट्यावरच होते. सांगायला दोन शब्द पुरले असते. पण सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "म्हंजे अजून झालंच न्हाई व्हय?" आणि ते ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. सून शिकलेली असली की तिचं नाक जरा जास्तच वर असतं. तर ते नाक घेऊन ती जीपमध्ये बसली.

परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दिवे नव्हते. खोलीत शिरली आणि दारातच थांबली. पंख्याची ती बारीक घरघर ऐकू येत नव्हती. ठोकळा बंद होता. नुसता बंद नव्हे, पुसूनपासून लख्ख केलेला, मोडेमवर धुतलेला रुमाल पांघरलेला. डेपोत खंडेनवमीला गाड्यांना हार घालायचे, तेव्हा कोंडीराम पूजेला नसायचे, पण आपली गाडी धुऊन चकाचक करायचे. देव मानायचा की न्हाई ज्याचं त्यानं बघावं, घान कुनीच मानू नये, हे त्यांचं म्हणणं. ठोकळ्याची आज तशी खंडेनवमी झाली होती.

तिनं बॅटरीवर ठोकळा चालू केला. फ्लॉपी एकदा कण्हली, दोनदा खरखरली आणि गप्प झाली. कायमची.

शुभांगी ओट्यावर आली. "मामा, ठोकळा तुम्ही बंद केला?"

"व्हय. उभाच हुता की."

इतक्या दिवसांचं सगळं तिच्या तोंडाशी आलं. "तुम्हाला गिरणीच हवी होती तर सरळ सांगायचं होतं. मी खोली मोकळी करून दिली असती. उद्यावर दिवस आला असताना माझ्या कामावर असा बोळा कशाला फिरवायचा?"

कोंडीरामांनी तिच्याकडं पाहिलं. चपला पायात सरकवल्या आणि अंधारात स्टँडकडं चालू लागले. एरवी जाताना ते ओट्यावरचा कंदील बारीक करून जायचे. आज तसाच राहिला.

भागिरथीबाई आतून आल्या. "झालं तुझं बोलून?"

"आत्या, मी तुम्हाला सांगून गेले होते."

"मी विहार झाडायला गेल्ते बाई, उद्या वंदना हाय. तू गेली आनि लाईट गेली, ती आजूक न्हाई. ह्यांनी दुपारभर त्या बॅटरीपाशी येरझाऱ्या घातल्या म्हनं. उद्या पोरीची परीक्षा हाय, बॅटरी आजच उतरली तर उद्या लाईट जाता-येता ठोकळा चालनार कशावर? म्हनून बंद केला. बॅटरी तुझ्यासाठी राखली त्यांनी."

शुभांगी ओट्याच्या पायरीवर बसली.

"आनि गिरनी," भागिरथीबाई म्हणाल्या, "गिरनी कशाला पायजे त्यांना? त्यांना मानसं पायजेत. सारा जल्म पन्नास-साठ मानसं पाठीशी घेऊन हिंडलेला गडी. आता ओट्यावर बसून रस्ता बघतो. गिरनीवर दळनाला बाया येत्यात, डबा ठेवून बसत्यात, बोलत्यात. तुझ्या पोरी बोलत न्हाईत. येवढंच हाय ते."

शुभांगीला एवढी लाज वाटली, की कंदिलाच्या उजेडातसुद्धा सासूकडं बघवेना. कोंडीराम परत आले, न जेवता झोपले. तिनंही पोळी पुढं ओढली आणि तशीच मागं सारली.

दसऱ्याला सकाळी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारात जमली. वंदना झाली, खीर वाटली गेली. घराकडं येताना शुभांगीनं सासऱ्यांना गाठलं. डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला.

"मामा, चुकलं माझं. मी वाईट बोलले. आणि बंद करू नका हे तुम्हाला सांगितलं नाही, तीही चूक माझीच. मला कबूल करायचं नव्हतं, की काम अर्धवट आहे."

कोंडीराम चालत राहिले. शाळेच्या कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "पुन्हा हुतंय का?"

"लाईट आली तर होईल. नवी फ्लॉपी क्लासच्या मशीनवर बनवावी लागणार, मग लाईन पुन्हा जुळवायची. वेळ लागेल. आबासाहेब तर लवकर येणार."

"येऊ दे," कोंडीराम म्हणाले. "आला तर मी करंजी घाट काढतो."

शुभांगीला इतक्या अवघड प्रसंगीही हसू फुटलं. करंजी घाट म्हणजे काय ते तिसगावात पोराटोरांना ठाऊक होतं. कधीकाळी कोंडीरामांच्या गाडीचे ब्रेक घाटात निकामी झाले आणि त्यांनी भरलेली गाडी गिअरवर खाली आणली, ती ही कथा. खरी होती, थोर होती, आणि संपत नव्हती. प्रत्येक वळणाला किती थांबायचं ते कथेत ठरलेलं. दुसऱ्या वळणाला लोकांना घरची कामं आठवायची. तिसऱ्या वळणाच्या पुढं ती भागिरथीबाईंशिवाय कुणी ऐकलेली नव्हती, आणि त्यांचा नाइलाज होता.

घरी पोचल्या पोचल्या लाईट आली. शुभांगीनं दार लोटून घेतलं. नव्या फ्लॉपीवर गाभा चढवायला सुरुवात केली न केली, तोच बाहेर आबासाहेबांचा आवाज आला. सोबत गवंडी, खिशात मोजमापाची टेप.

"काय कोंडीराम, झालं का सूनबाईंचं?"

"हुतंय. बसा. चहा टाकलाय. ह्या टेपवरनं आठवलं बगा. करंजी घाटात एकदा..."

"ते ऐकलंय मी."

"कुठवर?"

आबासाहेब अडकले. पहिल्या वळणापर्यंत असं म्हणणं बरं दिसेना. कोंडीरामांनी गाडी डेपोतून काढली.

आत शुभांगी काम करत होती आणि कान बाहेर होते. गाडी घाटाच्या माथ्याला आली तेव्हा नवी फ्लॉपी तयार झाली. पहिलं वळण, ठोकळा जागा झाला. लाईन जुळवायला घेतली तर मोडेमला दाद मिळेना. थांबण्याचा वेळ वाढवला, नंबरचा वेग कमी केला, पुन्हा लावला. खरखर, आणि तुटलं. बाहेर दुसरं वळण. एरवी इथं आबासाहेब उठायचे. पण आज खोलीची आशा होती, बसून राहिले. कोंडीरामांनी आता उतारूंची नावं सांगायला सुरुवात केली. कोण कुठल्या सीटवर, कुणाची सोयरीक कुठं झालेली, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर कोंबडी होती तिचा रंग. तिसरं वळण आलं. शुभांगीचा मोडेम लागला, सुटला. तिला आधीच्या जुळणीतला एक आकडा आठवत नव्हता. वाऱ्यानं लिंब हलत होता. तिनं तार सोडली, पुन्हा खोचली, पुन्हा पहिल्यापासून.

"आनि मग गाडी खाली आली," बाहेर कोंडीराम म्हणाले, आणि आत शुभांगीनं घाईघाईनं पुन्हा नंबर लावला.

"चला, आली एकदाची," आबासाहेब उठण्याच्या बेतानं म्हणाले.

"आली. आनि बघतो तर काय, कोंबडीवालं म्हातारं वरच ऱ्हायलेलं. मग मी गाडी वळवली."

"वळवली? बिनब्रेकाची?"

"बिनब्रेकाची."

"अहो, मागं तर सुरुवातीलाच म्हणाला होता, गाडी खालीच थांबली."

"मागं तुमी उठून गेल्ता, आबासाहेब."

गाडी पुन्हा घाट चढू लागली. आत टिक्‌टिक् टिक्‌टिक् नंबर फिरला, खरखर झाली, खरखर थांबली, आणि मोडेमचा हिरवा दिवा लागला तो लागलाच. शुभांगीनं आधी सगळं नव्या फ्लॉपीवर उतरवलं, चारी पडदे एकदा बघितले, मग पदरानं तोंड पुसलं आणि दार उघडलं. म्हातारा घाटातच राहिला, त्याचं पुढं काय झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

आबासाहेब, गवंडी, भागिरथीबाई आणि क्लासची एक पोरगी अशी चौघं चार मशीनसमोर बसली. आबासाहेबांच्या पडद्यावर आभाळातून काढलेला ढगांचा फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरू लागला.

"हे आपल्याकडचे ढग?" त्यांनी विचारलं.

"हो. अगदी सकाळचा फोटो आहे."

"पाथर्डी तालुक्यावर आहे का एखादा?"

शुभांगीनं नीट बघितलं. "नाही."

"मग खरा असेल," आबासाहेब म्हणाले.

पण गडी सहजी हार मानणारा नव्हता. खुर्चीत मागं रेलून ते म्हणाले, "कोंडीराम, दिसलं ते दिसलं. पण सकाळपासून दार लावून आत खाटखूट चाललेली मी ऐकली. ही बाई हाताशी बसलीये म्हणून चाललंय. उद्या ही माहेरी गेली की?"

कोंडीराम भिंतीला टेकून उभे होते. ते सावकाश कोपऱ्यात गेले आणि ठोकळ्यासमोर उकिडवे बसले.

"आबासाहेब बोलले ते बराबर हाय," ते म्हणाले. "डेपोत आमचा नेम हुता. जी गाडी धक्का मारून चालू करावी लागती, ती ड्युटीवर न्यायची न्हाई. चालू गाडी कुनीपन दाखवंल. बंद करून चालू झाली तर ती गाडी." त्यांनी मान वळवून सुनेकडं पाहिलं. "शुभांगी, बंद करू?"

फ्लॉपीवर सगळं उतरवलं होतं, पण त्या फ्लॉपीवरून ठोकळा पुन्हा उठतो की नाही, हे तिनं एकदाही बघितलं नव्हतं. सवडच कुठं होती. नाही म्हटलं असतं, तर सासऱ्यांनी ऐकलं असतं, हेही तिला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. या वेळी ते विचारून बंद करत होते.

"करा, मामा," ती म्हणाली.

कोंडीरामांनी बटण दाबलं. घरघर थांबली, हिरवा दिवा विझला. आबासाहेबांचा ढगांचा फोटो अर्ध्यावर अडला. कोंडीरामांनी ठोकळ्याच्या झाकणावर हात ठेवला, जसा इंजिनच्या बॉनेटवर ठेवतात, आणि जरा वेळ तसाच राहू दिला. मग पुन्हा बटण दाबलं आणि उठून बाजूला झाले. शुभांगीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले होते, सगळ्यांना दिसावेत म्हणून.

फ्लॉपी फिरली. थांबली. पुन्हा फिरली. बराच वेळ काहीच नाही. भागिरथीबाईंनी सुनेचा दंड धरला. मग मोडेमनं फोन उचलला, ठरल्याइतका थांबला, टिक्‌टिक् नंबर फिरवला. खरखर झाली आणि लाईन सुटली. गवंड्यानं आबासाहेबांकडं पाहिलं, आबासाहेबांचा हात खिशातल्या टेपवर गेला. शुभांगीनं डोळे मिटले. ठोकळ्यानं दम खाल्ला आणि कुणीही न सांगता पुन्हा फोन उचलला. टिक्‌टिक्. खरखर. शांतता. हिरवा दिवा.

आबासाहेबांच्या पडद्यावर उरलेले ढग उतरू लागले.

"दुसऱ्या सेल्फला लागली," कोंडीराम म्हणाले, "पन धक्का न्हाई लागला." मग ते घसा खाकरून म्हणाले, "आबासाहेब, गिरनीला तुमचीच पडवी बरी. चक्की आरामात जाईल." आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, घाईघाईनं, कुणी बघायच्या आत. सगळ्यांनी बघितला.

आबासाहेब मानी असले तरी पोटात ठेवणारे नव्हते. आपट्याची पानं वाटत ते गावभर फिरले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, की भिंगारदिव्यांच्या घरी आभाळाचा फोटो दिसतो, आणि आपल्यावर ढग नाही हे आता सरकारी झालं. दुपारपर्यंत ओट्यावर हीऽ गर्दी. पोरं, बाया, म्हातारे. प्रत्येकाला आपल्या गावावरचा ढग बघायचा होता. कोंडीराम ओट्याच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांचा आवाज स्टँडपर्यंत ऐकू येऊ लागला.

"ढकलाढकली करायची न्हाई. उतरनाऱ्याला आधी उतरू द्या. काय गं, कुनाची तू? बस हितं, तुझा नंबर यायला टाइम हाय. करंजी घाट ठाऊक हाय का तुला?"

संध्याकाळी सगळे पांगले. शुभांगी एकेक मशीन बंद करत कोपऱ्यात आली. खोलीत माणूस नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, आणि ठोकळा घरघरत होता. तिनं बटणाकडं हात नेला. कोंडीराम दारात उभे होते.

"ऱ्हाऊ दे चालू," ते म्हणाले. "कुनी आलं तर?"